पलटी नांगर आणि ट्रॅक्टरची ओढशक्ती

लोखंडी नांगर दख्खनच्या काळ्या जमिनीत रूढ झाला तेव्हा शेतकरी त्याची ओळख फाळाच्या रुंदीवरून सांगत नसे; त्याला किती बैल लागतात यावरून सांगत असे. दोन बैली, चार बैली, सहा बैली, आठ बैली असे ते नांगर होते. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून बाहेर पडलेले नांगर महाराष्ट्रभर पोहोचले. परंतु कोणत्या जमिनीत कोणता नांगर घालावा आणि त्यास किती बैल जुंपावेत, हा हिशेब शेतकऱ्याने स्वतःच्या अनुभवानेच बसविला होता. बैलजोडी आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतकी ओढ दिवसभर सातत्याने देऊ शकते. ओढ त्याहून अधिक झाली की बैल थांबतात, आणि हिशेब चुकल्याचे मालकास तत्काळ कळते.

ट्रॅक्टर मात्र असा थांबत नाही. ओढ त्याच्या शक्तीबाहेर गेली तरी त्याची चाके जागच्या जागी अधिक फिरू लागतात, डिझेल जळते, टायर झिजतो, आणि काम पुढे सरकत असल्याचा भास बराच वेळ टिकतो. यामुळेच नांगर व ट्रॅक्टर यांची जोडी जमविण्याचा प्रश्न बैलांच्या काळापेक्षा आज अधिक बिकट झाला आहे. तो सोडविताना बहुधा एकच आकडा पुढे केला जातो: इंजिनाची अश्वशक्ती. हा आकडा अपुरा का पडतो, याचे विवेचन येथे पलटी नांगराच्या उदाहरणाने केले आहे.

साध्या नांगराचा पंखा माती एकाच बाजूस, सामान्यतः उजवीकडे, पालथी करतो. त्यामुळे शेताचे पट्टे पाडून फिरत नांगरावे लागते. पट्ट्याच्या मध्यावर दोन तासांची माती एकमेकींवर पडून उंचवटा होतो, आणि दोन पट्ट्यांच्या सीमेवर चर राहतो. पलटी नांगरात उजवे व डावे असे फाळांचे दोन संच एकाच सांगाड्यावर पाठीस पाठ लावून बसविलेले असतात. टोकाशी पोहोचल्यावर नांगर उचलून सांगाडा उलटा फिरविला की लगतच्याच तासाने परत येता येते आणि सर्व माती एकाच दिशेस पडत जाते. जमीन सपाट राहते, टोकाशी रिकामे हेलपाटे वाचतात. उतारावर समपातळीत नांगरताना माती सतत चढाच्या बाजूस टाकता येते. लहान, अरुंद आणि बांधांनी वेढलेल्या शेतांत हे गुण फार मोलाचे आहेत. त्यांची किंमत वजनाच्या रूपाने मोजावी लागते. दोन फाळी पलटी नांगरात वस्तुतः चार फाळ असतात. जमिनीत दोन काम करतात आणि उरलेले दोन हवेत वाहून न्यावे लागतात.

नांगराला लागणारी ओढ मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते: कापल्या जाणाऱ्या तासाचा छेद, जमिनीचा प्रकार व स्थिती, आणि वेग. एकूण रुंदीला खोलीने गुणले असता छेद मिळतो. दर चौरस सेंटीमीटर छेदास जी ओढ लागते तिला विशिष्ट ओढ म्हणता येईल. अमेरिकेतील कृषी व जैव अभियंत्यांच्या संस्थेने स्वीकारलेल्या मानक सूत्रात पंख्याच्या नांगराची ओढ रुंदी व खोली यांच्या सम प्रमाणात धरली असून तिच्यात वेगाच्या वर्गाचे पद मिळविले आहे. या सूत्राप्रमाणे भारी चिकण जमिनीत ताशी ४ किलोमीटर वेगास विशिष्ट ओढ सुमारे ०.७५ किलोग्रॅम येते. मध्यम जमिनीस याच्या सात दशांश, म्हणजे सुमारे ०.५३, आणि हलक्या रेताड जमिनीस निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे सुमारे ०.३४ किलोग्रॅम धरावयाची असते. हे सरासरीचे आकडे आहेत. प्रत्यक्ष ओढ त्यांहून ४० टक्क्यांपर्यंत कमी वा अधिक असू शकते, असे त्या मानकातच नमूद आहे; यास्तव त्यांचा उपयोग तुलनेसाठी करावा, अंतिम निकाल म्हणून नव्हे.

उदाहरणासाठी प्रत्येकी ३० सेंटीमीटर रुंदीचे दोन फाळ असलेला पलटी नांगर घेऊ. एकूण रुंदी ६० सेंटीमीटर. खोली २५ सेंटीमीटर ठेवली तर छेद १,५०० चौरस सेंटीमीटर होतो. ताशी ४ किलोमीटर वेगाने भारी जमिनीत त्यास सुमारे १,१२५ किलोग्रॅम, मध्यम जमिनीत सुमारे ७९० किलोग्रॅम आणि हलक्या जमिनीत सुमारे ५१० किलोग्रॅम ओढ लागेल. नांगर तोच, खोली तीच; तरीही केवळ जमीन बदलल्याने ओढ दुपटीहून अधिक होते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मात्र या नांगरापुढे ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीचा एकच आकडा छापलेला असतो.

वेगाचा परिणाम याच सूत्रावरून काढता येतो. वेग ताशी ४ वरून ६ किलोमीटर केला तर ओढ सुमारे १४ टक्के वाढते; ८ किलोमीटर केला तर ३३ टक्के. कारण उघड आहे: माती केवळ कापावयाची नसते, तिला गती देऊन बाजूस फेकावयाची असते, आणि या फेकण्यास लागणारे बल वेगाच्या वर्गाने वाढते. भाड्याने नांगरट करणाऱ्यास बहुधा एकरावर पैसे मिळतात. वेगाने काम उरकण्याचा मोह त्यास होणे स्वाभाविक आहे. तो वाढलेली ओढ भरून काढतो ती खोली कमी करून. शेतकऱ्याने एक वीत खोल नांगरटीचे पैसे दिलेले असतात आणि त्याच्या पदरी चार-पाच बोटे उथळ तास पडतो. हा मनुष्यस्वभावाचा दोष मानण्यापेक्षा यंत्राच्या चुकीच्या जोडीचा दोष मानणे अधिक योग्य होय.

आता ट्रॅक्टरकडे वळावे. ओढ किलोग्रॅममध्ये आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार २७० ने भागला की ड्रॉबारवरील अश्वशक्ती मिळते. वरील भारी जमिनीच्या उदाहरणात ती १,१२५ गुणिले ४ भागिले २७०, म्हणजे सुमारे १६.७ येते. ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीचा असेल तर गिअर व इतर भागांतील घट वजा जाता पी.टी.ओ.वर सुमारे ४३ अश्वशक्ती मिळते. दोन चाकी चालनाच्या ट्रॅक्टरला घट्ट, न नांगरलेल्या जमिनीवर त्यांपैकी सुमारे ७२ टक्के, म्हणजे ३१ अश्वशक्ती, ड्रॉबारवर उतरते. मऊ जमिनीत हे प्रमाण ५५ टक्क्यांपर्यंत खाली येते. पाहिजेत १६.७, आहेत ३१. या हिशेबाने ट्रॅक्टर नांगराला पुरून उरावयास हवा. वास्तवात तो त्या जमिनीत पुरत नाही, आणि सर्व विषयाचे मर्म या विसंगतीत आहे.

अश्वशक्ती हा कामाचा दर आहे. ओढ हे बल आहे. इंजिनाची शक्ती कितीही असली तरी ती जमिनीवर उतरविण्याचे साधन एकच: मागील टायरची जमिनीवरील पकड. ही पकड चाकांवरील भाराच्या प्रमाणात असते. चाकांवर पडणाऱ्या भाराशी निव्वळ ओढीचे जे गुणोत्तर, ते घट्ट शेतजमिनीत, घसर मर्यादेत ठेवून, साधारण ०.४ ते ०.५ असते. समजा, ट्रॅक्टरचे वजन २,१०० किलोग्रॅम असून त्यातील १,३०० मागील आसावर आणि ८०० पुढील आसावर आहे. मागील चाकांवर २५० किलोग्रॅमचे लोखंडी वजन वा टायरमधील पाणी वाढविले. नांगराच्या वजनाचा काही अंश, माती पंख्यावर देत असलेला खालचा दाब आणि ओढीमुळे पुढून मागे येणारा भार हे सारे जमेस धरले, तर नांगरताना मागील चाकांवरील भार सुमारे २,००० किलोग्रॅम धरता येईल. गुणोत्तर ०.४५ घेतल्यास सातत्याने मिळणारी ओढ ९०० किलोग्रॅम होते. भारी जमिनीत लागणारी ओढ १,१२५ आहे. म्हणजे शक्ती जवळजवळ निम्मी शिल्लक असताना बल मात्र एक पंचमांशाने अपुरे पडते.

९०० किलोग्रॅम ओढीस ०.७५ ने भागले असता १,२०० चौरस सेंटीमीटर छेद मिळतो. ६० सेंटीमीटर रुंदीवर ही खोली २० सेंटीमीटर होते. दुसऱ्या शब्दांत, वरील ट्रॅक्टर व दोन फाळी पलटी नांगर यांची जोडी मध्यम जमिनीत २५ सेंटीमीटर खोलीस उत्तम चालेल. भारी काळ्या जमिनीत तिने २० सेंटीमीटरवर समाधान मानावे. हरळी, कुंदा किंवा लव्हाळा काढण्यासाठी खोल नांगरट आवश्यकच असेल तर फाळांची रुंदी कमी असलेला नांगर घ्यावा, किंवा भार वाढवावा, किंवा चारही चाकांना चालना असलेला ट्रॅक्टर वापरावा. चारचाकी चालनाचा लाभ अश्वशक्तीत नसून पुढील आसावरील भारही ओढीच्या कामास लागतो यात आहे, ही गोष्ट खरेदीच्या वेळी क्वचितच लक्षात घेतली जाते. त्याच शक्तीचा, परंतु वजनाने हलका ट्रॅक्टर फवारणीस व वाहतुकीस सोयीचा ठरतो; नांगरटीस तो उणा पडतो.

या फरकाची जाणीव यंत्रशास्त्रज्ञांस फार पूर्वीच झाली होती. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा करून ट्रॅक्टर विक्रीपूर्वी तपासून घेणे बंधनकारक केले आणि १९२० पासून त्या चाचण्या सुरू झाल्या. कारखानदारांच्या जाहिरातींतील दावे व शेतातील अनुभव यांतील तफावत हेच त्यामागील कारण होते. भारतात मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रात ट्रॅक्टरांच्या अशा चाचण्या घेतल्या जातात. चाचणीअहवालातील सर्वाधिक ओढीचा आकडा वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे: ही चाचणी कठीण, सपाट मार्गावर घेतलेली असते. शेतात तेवढी ओढ मिळेल असे गृहीत धरणारा विद्यार्थी आपल्या गणितात तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच चुकतो.

घसर म्हणजे चाक जितके फिरते त्यामानाने ट्रॅक्टर जितका कमी पुढे जातो ती तूट. घसर मुळीच नसेल तर ओढही नाही, कारण मातीत थोडे सरकल्याखेरीज टायरच्या कंगोऱ्यांस पकडच मिळत नाही. घट्ट जमिनीत ८ ते १०, नांगरलेल्या जमिनीत ११ ते १३ आणि मऊ जमिनीत १४ ते १६ टक्के घसर असताना शक्तीचा वापर सर्वांत किफायतशीर होतो. घसर २५-३० टक्क्यांवर गेली की एक चतुर्थांशाहून अधिक फिरणे व्यर्थ जाते. हानी इतकीच नाही. पलटी नांगराने काम करताना ट्रॅक्टरचे एक मागील चाक उघड्या तासाच्या तळाशी चालते. तेथे चाक घसरले की ओलसर चिकण मातीचा तळ घोटला जातो आणि त्यावर ट्रॅक्टरच्या भाराचा दाब पडतो. पावसाचे पाणी खाली मुरण्यास व मुळे खाली जाण्यास अडथळा करणारा कठीण थर याच ठिकाणी तयार होतो. ज्या नांगरटीने जमीन मोकळी करावयाची तीच नांगरट एक वीत खाली जमीन बंद करते. काळ्या मातीत हा धोका मोठा असतो, कारण ओल असताना ती सहज घोटली जाते.

भार वाढवून घसर कमी करता येते. तथापि अकारण भार वाढविल्यास चाके जमिनीत रुततात आणि ट्रॅक्टरची बरीच शक्ती स्वतःलाच ओढण्यात खर्च होते. याबाबत हॅरी फर्ग्युसन यांची कल्पना आजही मार्गदर्शक आहे. त्यांच्या तीन-बिंदू जोडणीचा ट्रॅक्टर १९३६ साली उत्पादनात आला. नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने ओढण्याऐवजी त्याचाच अवयव करावा, ओढ वाढताच हायड्रॉलिक यंत्रणेने नांगर किंचित उचलावा आणि त्याचा भार मागील चाकांवर घ्यावा, हे त्या रचनेचे तत्त्व होय. पकड वाढते ती नेमकी गरजेच्या क्षणी, कायमचे वजन न वाढविता. ओढ-नियंत्रणाचा दांडा स्थिती-नियंत्रणावर ठेवून नांगरणारा चालक हा लाभ स्वतःच्या हाताने घालवितो. अर्थात जेथे एकाच शेतात भारी व हलक्या मातीचे पट्टे आहेत तेथे ओढ-नियंत्रणाने खोली कमी-अधिक होते. त्यासाठी खोलीचे चाक साहाय्यास घ्यावे.

पलटी नांगराचे दुप्पट फाळ हा प्रश्न ओढीपुरता मर्यादित राहत नाही. वरील दोन फाळी नांगराचे वजन ४०० किलोग्रॅम आणि उचललेल्या स्थितीत त्याचा गुरुत्वमध्य मागील आसापासून १.६ मीटर मागे आहे असे धरू. ट्रॅक्टरच्या दोन आसांतील अंतर १.९ मीटर असल्यास नांगर उचलताच पुढील आसावरील भार ४०० गुणिले १.६ भागिले १.९, म्हणजे सुमारे ३३७ किलोग्रॅमने कमी होतो. ८०० पैकी ४६३ उरतात. सुकाणूस दाद मिळावी यासाठी पुढील आसावर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा, येथे ४२० किलोग्रॅम, असावा असा संकेत आहे. तो जेमतेम पाळला जातो. हलक्या जमिनीत ओढीच्या हिशेबाने हाच ट्रॅक्टर तीन फाळी नांगरही ओढील: २,२५० चौरस सेंटीमीटर छेदास सुमारे ७६० किलोग्रॅम लागतात. परंतु तीन फाळी पलटी नांगर ५५० किलोग्रॅमचा आणि गुरुत्वमध्य १.९ मीटर मागे असा धरला, तर पुढून नेमके ५५० किलोग्रॅम उचलले जाऊन २५० उरतील. बांधावरून जाताना असा ट्रॅक्टर पुढून उठेल. पुढील आसाच्या अर्धा मीटर पुढे सुमारे १३५ किलोग्रॅम वजने लावल्यास तूट भरून निघते. नांगर उलटविण्याची क्रिया उचललेल्या स्थितीतच होते, आणि त्या क्षणी भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुकतो. म्हणून ती उतारावर वा बांधाला चिकटून करू नये. हायड्रॉलिक लिफ्टची उचल-क्षमता पाहताना ती जोडणीच्या टोकाशी दिली आहे की त्याच्या मागे काही अंतरावर, हे पाहणेही अगत्याचे आहे.

ओढीचे माप जुळले तरी ओढीची रेषा जुळावी लागते. प्रत्येक फाळावरील रोधाचा मध्य फाळाच्या रुंदीच्या मध्यावर नसून न नांगरलेल्या बाजूकडून सुमारे एक चतुर्थांश अंतरावर असतो. ३० सेंटीमीटरच्या दोन फाळांसाठी हे मध्य तासाच्या भिंतीपासून २२.५ आणि ५२.५ सेंटीमीटरवर येतात. दोहोंचा मध्य ३७.५ वर. मागील टायरांच्या आतल्या कडांमधील अंतर १०० सेंटीमीटर आणि एक चाक तासाच्या भिंतीस लागून असेल तर ट्रॅक्टरची मध्यरेषा भिंतीपासून ५० सेंटीमीटरवर असते. यांत १२.५ सेंटीमीटरचे अंतर पडते आणि ट्रॅक्टर सतत नांगरलेल्या बाजूकडे खेचला जातो; चालक सुकाणू विरुद्ध दिशेस धरून बसतो, बाजूपट्ट्या झिजतात. साध्या नांगरात सांगाडा एका बाजूस सरकवून ही चूक झाकता येते. पलटी नांगरात तसे केल्यास जाताना साधलेले येताना बिघडते, कारण उलटल्यावर तेच सरकणे विरुद्ध बाजूस मोजले जाते. म्हणून येथे खरा उपाय चाकांमधील अंतर कमी करणे हा होय. ते आतून ९० सेंटीमीटर केल्यास फरक ७.५ वर येतो. तीन फाळी नांगरास रोधाचा मध्य ५२.५ वर असल्याने १०० ते १०५ सेंटीमीटर अंतर आपोआप जुळते.

ओल हा घटक कोणत्याही सूत्रात नीट बसत नाही, आणि दख्खनमध्ये तोच अनेकदा निर्णायक ठरतो. रब्बीचे पीक निघताच, जमिनीत थोडा ओलावा शिल्लक असताना नांगरल्यास काळी माती कमी ओढीत फुटते. तीच जमीन वैशाखापर्यंत तशीच ठेवली तर भेगाळून दगडासारखी होते, ढेकळे डोक्याएवढी निघतात आणि नांगर फाळाच्या टोकावर तरंगू लागतो. वाफसा येण्यापूर्वी नांगरल्यास माती फुटत नाही, केवळ चोपली जाऊन पंख्याला चिकटते. यास्तव जोडीचा हिशेब वर्षातील ज्या पंधरवड्यात नांगरट प्रत्यक्ष होणार त्या स्थितीसाठी मांडावयास हवा.

हिशेबाची पडताळणी शेतावर दोन प्रकारे करता येते. ओढ मोजण्यासाठी नांगर जोडलेल्या ट्रॅक्टरचे गिअर मोकळे ठेवून तो दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढवावा आणि दोहोंमध्ये बलमापक लावावा. नांगर जमिनीत असतानाच्या वाचनातून तो उचललेला असतानाचे वाचन वजा केले की नांगराची ओढ मिळते. घसर मोजण्यास खडू पुरतो. मागील टायरवर खूण करून नांगर उचललेल्या स्थितीत चाकाच्या दहा फेऱ्यांत कापलेले अंतर मोजावे आणि त्याच पट्ट्यात नांगर पूर्ण खोलीवर असताना पुन्हा मोजावे. पहिले ४० मीटर आणि दुसरे ३५.२ मीटर आल्यास घसर १२ टक्के. जोडी ठीक आहे. दुसरे २९ मीटर आल्यास ती साडेसत्तावीस टक्के झाली, आणि त्या शेतात त्या दिवशी एक तर खोली कमी करावी किंवा नांगर बदलावा.